मोजणीतून निसटलेली माणसे : आपत्ती, साहाय्य आणि अपंगत्वाची नोंद

२०११ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, ९ ते २८ या तारखांच्या दरम्यान, जनगणनेचा प्रगणक म्हणून मी एका वस्तीत घरोघर फिरलो. शाळेत शिकविणाऱ्या माणसाला हे काम नवे नसते. निवडणूक, मतदारयादी, जनगणना ही कामे खडू-फळ्याइतकीच त्याच्या वाट्याला येतात. प्रपत्रातील नवव्या प्रश्नात घरातील प्रत्येक व्यक्तीविषयी विचारावयाचे होते, की ती मानसिक वा शारीरिक दृष्ट्या अपंग आहे काय. एका घरी अंगणात बाजेवर बसलेल्या गृहस्थांना मी हा प्रश्न केला. "नाही गुरुजी, तसलं कुणी नाही आमच्यात," असे उत्तर मिळाले. मी 'नाही' असे नोंदवून पुढील प्रश्नाकडे वळलो. निघण्याच्या सुमारास भिंतीला हात लावीत, उंबरठा पायाने चाचपीत एक वृद्धा बाहेर आल्या. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. मी त्या गृहस्थांकडे पाहिले. ते म्हणाले, "आईला होय? ती म्हातारी झाली, म्हणून दिसत नाही. तिला अपंग कशाला म्हणायचं?"

मी नोंद दुरुस्त केली. परंतु त्या घराआधी जी घरे झाली होती त्यांतील किती 'नाही' अशाच होत्या, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेलेला नाही. त्या गृहस्थांनी खोटे सांगितले नव्हते. मी विचारलेल्या शब्दाचा त्यांच्या लेखी एक अर्थ होता, आणि त्या अर्थात त्यांची आई बसत नव्हती. चूक माझी होती; प्रत्येक व्यक्तीविषयी स्वतंत्रपणे विचारावयाचे सोडून मी सगळ्या घराला मिळून एकदाच विचारले होते.

पूर, भूकंप, वादळ, युद्ध अशा संकटांत जे साहाय्य पोहोचते ते यादीवरून पोहोचते. शिधा किती कुटुंबांना, तंबू किती, शौचालये किती, औषधे कोणती, हे सारे कोणाच्या तरी नोंदवहीतील संख्यांवरून ठरते. ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी मुद्दाम वाईट कोणी वागत नाही. त्याचा विचारच झालेला नसतो. प्रस्तुत लेखात या नोंदीचा प्रश्न आणि साहाय्याचा प्रश्न एकत्र मांडण्याचा प्रयत्न केला आहे, कारण व्यवहारात ते वेगळे करता येत नाहीत.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे 'पांगळा', 'अपंग', 'विकलांग' असे शब्द चालत आले. गेल्या दहा वर्षांत शासकीय कागदोपत्री 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात त्याच नावाचा स्वतंत्र विभागही स्थापन झाला. या शब्दाने सन्मान वाढतो असे काहींना वाटते, तर अपंगांच्या चळवळीतील अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला आहे. आम्हांला दिव्यत्व नको, उतार असलेला रस्ता हवा, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. मला हा आक्षेप योग्य वाटतो. म्हणून कायद्याच्या वा विभागाच्या नावाखेरीज येथे 'अपंग व्यक्ती' असाच साधा शब्दप्रयोग ठेवला आहे.

आकडा प्रश्नावर अवलंबून असतो

भारतातील जनगणनेचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. १८७२ पासून १९३१ पर्यंत अंध, मूकबधिर, मनोरुग्ण आणि कुष्ठरोगी यांची गणना होत असे. १९४१ पासून ती थांबली. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. त्या निमित्ताने आपल्या जनगणनेत पुन्हा एक प्रश्न आला. तो पूर्णतः अंध, मुके आणि पांगळे एवढ्यांपुरताच होता. साऱ्या देशात मिळून अशा सुमारे ११ लाख व्यक्ती आढळल्या. १९९१ मध्ये प्रश्न पुन्हा गळला. २००१ च्या जनगणनेतही तो असणार नव्हता. जावेद आबिदी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आवाज उठविला, तेव्हा अगदी शेवटच्या टप्प्यावर तो समाविष्ट झाला. त्या वर्षी दृष्टी, वाचा, श्रवण, हालचाल आणि मानसिक अशा पाच प्रकारांत विचारणा झाली आणि संख्या निघाली २ कोटी १९ लाख.

वीस वर्षांत ११ लाखांचे २ कोटी १९ लाख! या दोन दशकांत देशात अपंगत्वाची साथ आली नव्हती. प्रश्न बदलला, म्हणून उत्तर बदलले. विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचा पहिला धडा शिकविताना मी हेच उदाहरण देतो. मापनपट्टी कोणती हे न विचारता लांबी मान्य करू नये.

२०११ मध्ये प्रकार आठ झाले आणि संख्या २ कोटी ६८ लाखांवर गेली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजारांच्या आसपास होती. २०१८ च्या उत्तरार्धात झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीतही प्रमाण २.२ टक्केच आले. याउलट जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो, की जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून लगेच निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. दोन्हींच्या व्याख्या भिन्न आहेत, आणि वयोमानानुसार येणारे दुबळेपण दुसऱ्यात मोठ्या प्रमाणात मोजले गेले आहे. तरीही सात पटींहून अधिक असलेले हे अंतर केवळ व्याख्येचे नाही. त्यात त्या अंगणातील वृद्धाही आहेत.

'अपंग आहे का?' या प्रश्नाला 'होय' म्हणण्यात लाज आड येते. मुलीचे लग्न ठरावयाचे असते, कोणी काय म्हणेल याची भीती असते. दुसरे कारण अधिक साधे आहे. गुडघे धरलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या, अर्धांगवायूने एक हात गेलेल्या माणसाला आपण 'अपंग' आहोत असे वाटतच नाही. तो म्हणतो, वय झाले.

हे लक्षात घेऊन २००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली एक गट स्थापन झाला. वॉशिंग्टन गट या नावाने तो ओळखला जातो. या गटाने सहा प्रश्नांचा एक छोटा संच तयार केला. त्याची खुबी अशी, की त्यात 'अपंग' हा शब्द कोठेही नाही. चष्मा लावूनही दिसण्यास अडचण येते का, श्रवणयंत्र वापरूनही ऐकण्यास अडचण येते का, चालण्यास किंवा पायऱ्या चढण्यास अडचण येते का, गोष्टी लक्षात ठेवण्यास वा मन एकाग्र करण्यास अडचण येते का, अंघोळ करणे, कपडे घालणे यांसारखी स्वतःची कामे करण्यास अडचण येते का, आणि आपल्या नेहमीच्या भाषेत बोलून दुसऱ्याला समजावण्यास किंवा त्याचे समजून घेण्यास अडचण येते का, हे ते सहा प्रश्न. प्रत्येकाची उत्तरे चार : काहीच अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. सहांपैकी एका जरी प्रश्नाला 'खूप अडचण' वा 'अजिबात जमत नाही' असे उत्तर आले, तर ती व्यक्ती गणनेत धरावयाची. सहाही प्रश्न विचारावयास दीड-दोन मिनिटे पुरतात. त्या गृहस्थांना मी "तुमच्या आईला दिसायला अडचण येते का?" असे विचारले असते, तर त्यांनी एका क्षणात "दिसतच नाही गुरुजी" असे सांगितले असते.

या संचाला मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चिंता, नैराश्य यांसारखी मनाची दुखणी या सहा प्रश्नांत सापडत नाहीत. लहान मुलांसाठीही ते अपुरे आहेत. दोन वर्षांचे मूल स्वतः कपडे घालीत नाही, त्यात अपंगत्व कोणते? म्हणून युनिसेफने या गटाच्या सोबतीने मुलांसाठी वेगळा संच तयार केला. त्यात २ ते ४ आणि ५ ते १७ अशा दोन वयोगटांसाठी निराळे प्रश्न असून ते मुलाच्या आईला वा सांभाळणाऱ्याला विचारावयाचे असतात.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. हे सहा प्रश्न म्हणजे वैद्यकीय तपासणी नव्हे, आणि त्यावरून कोणालाही प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्राची वाट निराळी आहे. जिल्हा रुग्णालय, ठरलेला वार, टक्केवारी, ऑनलाइन अर्ज अशा त्या वाटेवर माणूस थकतो. नमुना सर्वेक्षणाच्या त्याच ७६ व्या फेरीत आढळले, की अपंग व्यक्तींपैकी २८.८ टक्के व्यक्तींकडेच प्रमाणपत्र होते. याचा अर्थ, पुरानंतर एखाद्या अधिकाऱ्याने सद्हेतूने जरी प्रमाणपत्रधारकांची यादी काढून मदत वाटली, तरी दहांपैकी सात माणसे तिच्या बाहेर राहतील. आणि ही सात माणसे बहुधा तीच असतील, ज्यांना जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचताच आले नाही.

पाण्याचा हंडा आणि पाचशे मीटर

साहाय्यकार्यात किमान काय असावे, याचे मानदंड 'स्फिअर' या नावाच्या पुस्तिकेत दिलेले आहेत. जगभरातील मदतसंस्था तिचा आधार घेतात. २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक माणसाला रोज किमान १५ लिटर पाणी मिळावे, पाण्याची जागा निवाऱ्यापासून ५०० मीटरांहून दूर नसावी, २० माणसांमागे एक शौचालय असावे आणि ते ५० मीटरांच्या आत असावे. हे मानदंड अनुभवातून आलेले आहेत. परंतु ते कागदावर पाळले गेले तरी काय घडते, याचे साधे गणित मी वर्गात मुलांकडून करवून घेतो.

पाच जणांचे कुटुंब धरा. रोजचे पाणी ७५ लिटर. १५ लिटरचा हंडा घेतला तर पाच खेपा. नळ ५०० मीटरवर असेल तर एका खेपेला जाऊन-येऊन एक किलोमीटर, म्हणजे दिवसाला पाच किलोमीटर, त्यातील निम्मे अंतर १५ किलो वजन घेऊन. आता त्या कुटुंबाची कर्ती बाई कुबड्यांवर चालते असे समजा. तिच्या दोन्ही हातांत कुबड्या आहेत. हंडा कोठे धरणार? एक मुलगी उठून म्हणाली, "सर, शेजारीण आणून देईल की." देईल, पहिले दोन दिवस देईल. तिलाही स्वतःच्या पाच खेपा आहेत. चौथ्या दिवसापासून ती बाई पाणी कमी पिऊ लागते. पाणी कमी प्याले म्हणजे शौचालयाला कमी वेळा जावे लागते, हाही त्यामागे हिशेब असतो. कारण शौचालयाला तीन पायऱ्या आहेत आणि आत धरावयास काही नाही. मेरुरज्जूला इजा झालेल्या माणसाला स्वच्छतेसाठी इतरांपेक्षा अधिक पाणी लागते आणि ते कमी पडले तर मूत्रमार्गाचा संसर्ग व शय्याव्रण होतात. आपत्तीतून वाचलेला माणूस असा महिन्याभरात निवाऱ्यात दगावू शकतो, आणि त्याचा मृत्यू आपत्तीच्या खात्यावर लिहिला जात नाही.

आता हजार माणसांच्या छावणीचा विचार करा. २० माणसांमागे एक याप्रमाणे ५० शौचालये. यांतील किती उताराची, रुंद दाराची आणि आत दांडी असलेली असावीत? २ टक्के धरले तर अपंग व्यक्ती वीस. आयोजक म्हणतो, एक बांधू. १६ टक्के धरले तर एकशे साठ. एकाने कसे भागेल? नियोजनाची बैठक या एका आकड्यावर उलटते. आणि सर्वच शौचालये उताराची बांधली तर गर्भवती स्त्री, आजारी माणूस, लेकुरवाळी, वृद्ध या साऱ्यांचीच सोय होते; आरंभीच बांधताना त्याचा वाढीव खर्च थोडा असतो, मागाहून तोडफोड करून करावयाचा तर अनेक पट होतो. हे कळावयास स्थापत्यशास्त्राची पदवी लागत नाही, तरी दरवेळी विसर पडतो.

महाराष्ट्राने हे जवळून पाहिलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगड-मातीची जाड भिंताडे आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो दगावले, आणि जे वाचले त्यांत कण्याला इजा झालेले, हात-पाय गमावलेले कितीतरी होते. म्हणजे आदल्या दिवशीची अपंगांची यादी कोणाकडे असती, तरी दुसऱ्या दिवशी ती जुनी झाली असती. आपत्ती स्वतःच अपंगत्व निर्माण करते. म्हणून नोंद एकदा करून संपत नाही. त्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या गावठाणातील चिंचोळ्या गल्ल्या जाऊन मोठमोठे चौकोनी आखीव भूखंड आले. मोकळी हवा आली, भूकंपाला टिकणारी घरे आली. पण घर, शेजार, देऊळ, दुकान यांतील अंतरे वाढली. पूर्वी चार घरे ओलांडली की जेथे पोहोचता येई, तेथे आता उन्हातून लांब चालावे लागते. धडधाकटांना ही तक्रार किरकोळ वाटेल.

जपानची यादी

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप व त्सुनामी आली. इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांची मोठी हानी झाली. पुढे तेथील आकडे तपासले गेले तेव्हा दिसून आले, की बाधित भागात अपंग व्यक्तींच्या मृत्यूचे प्रमाण एकंदर लोकसंख्येच्या तुलनेत सुमारे दुप्पट होते. जपान गरीब देश नाही. तेथे धोक्याची सूचना यंत्रणा जगात नावाजलेली आहे, कवायती नियमित होतात. तरीही ध्वनिक्षेपकावरील इशारा कर्णबधिराला ऐकू गेला नाही आणि टेकडीच्या पायऱ्या चाकाच्या खुर्चीला चढता आल्या नाहीत.

जे वाचले त्यांचीही गोष्ट पाहण्यासारखी आहे. शाळांच्या व्यायामशाळांत निवारे उभारले गेले. दाटीवाटीने जमिनीवर अंथरलेल्या चटयांतून चाकाची खुर्ची जाईना. गोंगाट आणि गर्दी सहन न होणारी स्वमग्न मुले रात्री ओरडू लागली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांचे आई-बाप मुलांना घेऊन मोटारीत किंवा पडक्या घरात राहावयास गेले. शिधा मात्र निवाऱ्यात वाटला जात होता. निवाऱ्यात अपंग फारसे दिसत नाहीत, असे पाहणाऱ्यांना वाटले. ते दिसत नव्हते, याचे कारणच ते होते.

तेव्हा अपंगांच्या संस्थांनी नगरपालिकांकडे नोंदणीकृत अपंग व्यक्तींच्या याद्या मागितल्या, म्हणजे घरोघर जाऊन शोध घेता येईल. बहुतेक ठिकाणी नकार मिळाला; वैयक्तिक माहिती उघड करता येत नाही, असे कारण देण्यात आले. फुकुशिमा प्रांतातील मिनामिसोमा या शहराने मात्र जीविताच्या रक्षणासाठी यादी संस्थांच्या हाती दिली. कार्यकर्ते दारोदार फिरले. येथे एक खरा पेच आहे आणि तो सोपा करून सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही. कोणत्या घरात एकटी अंध स्त्री राहते, ही माहिती संकटात तिचा जीव वाचवू शकते. तीच माहिती चुकीच्या हाती पडली तर तिचा घात करू शकते. जपानने नंतर कायद्यानेच वाट काढली. २०१३ च्या दुरुस्तीने स्थलांतरास साहाय्य लागणाऱ्या व्यक्तींची यादी ठेवणे नगरपालिकांना बंधनकारक झाले, आणि २०२१ मध्ये त्यापुढे जाऊन प्रत्येक अशा व्यक्तीसाठी वेगळी योजना तयार करण्याचा प्रयत्न करावा, असे ठरले. म्हणजे अमुक आजींना कोण नेणार, कोणत्या वाटेने, कोठे, हे आधी लिहून ठेवावयाचे.

शेजारच्या बांगलादेशात, तिस्ता-ब्रह्मपुत्रेच्या पुराने दरवर्षी बुडणाऱ्या गायबांधा जिल्ह्यात, याहून कितीतरी कमी पैशात एक प्रयोग झाला. तेथे अपंग व्यक्तींचे गट बांधण्यात आले आणि वॉर्डाच्या आपत्ती समित्यांत त्यांचे सदस्य बसले. घरांची व शाळांची जोती उंच केली गेली. चाकाची खुर्ची सरळ आत घेता यावी अशी, उताराची फळी असलेली बचाव-नौका तयार झाली. तेथे यादी करणारे आणि यादीतले लोक पुष्कळदा तेच होते. त्यामुळे कोणाला काय लागते, हे बाहेरून आलेल्या माणसाने विचारण्याची गरज उरली नाही. मला या साऱ्या विषयातील हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते.

युद्धातून पळालेल्यांची अवस्था आणखी बिकट. २०१४ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी जॉर्डन व लेबनॉनमधील सीरियन निर्वासितांची पाहणी केली, तेव्हा पाहणीतील २२ टक्के व्यक्तींना कोणते ना कोणते वैगुण्य असल्याचे आढळले. सीरियातील अलेप्पो येथून चाकाच्या खुर्चीवरून जर्मनीपर्यंत पोहोचलेल्या नूजीन मुस्तफा या तरुणीने २०१९ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे सीरियातील अपंगांची स्थिती मांडली. परिषदेपुढे अशी मांडणी करणारी ती पहिली अपंग व्यक्ती. त्याच वर्षी २० जून रोजी सशस्त्र संघर्षातील अपंगांच्या संरक्षणासंबंधीचा २४७५ क्रमांकाचा ठराव परिषदेने संमत केला. सुरक्षा परिषद १९४६ पासून काम करीत आहे. या विषयावरील पहिला ठराव व्हावयास तिला ७३ वर्षे लागली.

कायदा काय म्हणतो

अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याचे ११ वे कलम संकटकाळातील संरक्षणाविषयी व ३१ वे कलम आकडेवारी गोळा करण्याविषयी आहे. त्याला अनुसरून आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याचे आठवे कलम मात्र क्वचितच वाचले जाते. त्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींच्या तपशिलांची नोंद ठेवावयाची आहे आणि संभाव्य धोक्याची माहिती त्यांना योग्य उपायांनी द्यावयाची आहे. आपत्तीनंतरची पुनर्बांधणीही अपंगांना वावरता येईल अशीच करावयाची आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

ही नोंद आपल्या जिल्ह्यात आहे काय, असल्यास शेवटची कधी तपासली गेली, हे कोणीही नागरिक लेखी अर्ज करून विचारू शकतो. आमच्या वरच्या वर्गातील मुलांना नागरिकशास्त्राचा उपक्रम म्हणून मी हाच अर्ज लिहावयास सांगत आलो आहे. अर्जाची भाषा शुद्ध असावी आणि कलमाचा क्रमांक बिनचूक असावा, एवढीच अट. याचा निबंधाहून अधिक उपयोग होतो.

वसतिगृहाची यादी

निवासी शाळेच्या स्मरणिकेत या विषयाला जागा का द्यावी, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हा विस्थापितांना पुष्कळ ठिकाणी शाळांतच ठेवण्यात आले. पूर आला की वर्गखोल्यांचा निवारा होतो. म्हणजे शाळेच्या शौचालयाला किती पायऱ्या आहेत, हा प्रश्न फक्त शाळेचा राहत नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे : शेकडो मुले रात्री एका छपराखाली झोपतात, आणि त्यांचे आई-वडील तेथे नसतात.

पूर्वी मी ज्या एका वसतिगृहाचा अधीक्षक होतो तेथील प्रसंग सांगतो. सातवीतील एक मुलगा पहाटेच्या घंटेला उठत नसे. आळशी म्हणून त्याचे नाव पडले होते. मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा त्याला अनेकदा झाली, आणि ती देणाऱ्यांत मीही होतो. शाळेच्या आरोग्य तपासणीत त्याच्या नावापुढे 'निरोगी' असे लिहिलेले होते. एका वर्षी मी सहज म्हणून मुलांसाठीच्या संचातील प्रश्न पालकसभेला आलेल्या आई-बापांना एकेकटे गाठून विचारले. त्या मुलाची आई म्हणाली, "उजव्या कानानं ऐकतो तो, सर. डावा लहानपणीच फुटला. उजव्या कुशीवर झोपला की मग त्याला काही ऐकू येत नाही." दोन वर्षे तो मुलगा आमच्याकडे होता. त्याने कधी सांगितले नाही, आम्ही कधी विचारले नाही. त्या दोन वर्षांत रात्री आग लागली असती तर आम्ही घंटाच वाजविली असती.

त्यानंतर मी एक कागद तयार केला. त्यावर मुलांच्या नावापुढे आजाराचे वा अपंगत्वाचे नाव लिहिले नाही. कागद उघड्यावर टांगण्याचाही नव्हता, तो अधीक्षक आणि रात्रपाळीचे शिपाईमामा यांच्यापाशीच राहत असे. प्रत्येक नावापुढे फक्त काय करावयाचे ते लिहिले. एकापुढे लिहिले, 'अंधारात दिसत नाही. हात धरून जिन्यावरून उतरवावे.' दुसऱ्यापुढे, 'गोंधळ झाल्यास खाटेखाली लपतो. तेथे आधी पाहावे.' पायात लोखंडी आधार घालणाऱ्या मुलाची खाट वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणली. त्याने मात्र आपला मित्रही खाली हवा असे सांगितले, म्हणून दोघांच्या खाटा हलल्या. कागदावर काय लिहावे हे त्या-त्या मुलालाच विचारून ठरविले, आणि दोघांनी मी लिहिलेले खोडावयास लावून स्वतःचे वाक्य सांगितले.

सातवीतील त्या मुलापुढे असे होते : 'घंटा पुरेशी नाही. शेजारच्या खाटेवरील मुलाने खांदा हलवून उठवावे.' पुढे शेजाऱ्याचे नाव. दर जून महिन्यात खाटा नव्याने वाटल्या जातात आणि शेजारी बदलतो, म्हणून ते नाव मी पेन्सिलीने लिहीत असे.